डायलिसिसवर वजन तेवढंच, पण माणूस वाळत चाललाय – कुपोषण तपासायचं कसं?

सांगलीची_लेक
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचून सांगा प्लीज. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६६, जुना डायबेटिस, चार वर्षं झाली हिमोडायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा, डाव्या हाताला फिस्टुला (सुई टोचायला ऑपरेशनने जोडून केलेली रक्तवाहिनी). मशीनवर तसा त्रास काही नाही, केटी/व्ही (डायलिसिस पुरेसं होतंय का ते सांगणारा आकडा) चांगला येतोय म्हणतात, वजन वर्षभर ५८ च्या आसपासच आहे आणि क्रिएटिनिन आधी ११ च्या पुढे असायचं ते आता ७ वर आलंय, त्यामुळे घरात सगळे खूश, काकांनी तर किडनी सुधारतेय म्हणून देवाला नारळ वाढवला. मला मात्र हे काही केल्या पटत नाहीये. उजव्या मनगटातलं घड्याळ घसरून पार कोपराकडे जातं, सदऱ्याच्या गळ्यातून खांद्याची हाडं दिसतात, एसटीची पायरी चढताना दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला वर ओढावं लागतं आणि हा माणूस पूर्वी पायी वारी करायचा. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ३.३ आलंय, रिपोर्टवर त्याच्यापुढे नुसता एक बाण, कोणी काही बोललं नाही. सेंटरवर विचारलं तर वजन तेवढंच आहे ना मग कशाला काळजी करता म्हणाले.

तर प्रश्न असा की डायलिसिसच्या पेशंटचं कुपोषण तपासतात तरी कसं, एखादी टेस्ट असते का, कोणाकडे जायचं आणि काय मागायचं? अण्णा माळकरी आहेत, अंडं-मटण काही चालत नाही, हे आधीच सांगते.

विवेक_नगर
ताई, क्रिएटिनिन ११ वरून ७ म्हणजे चांगलंच ना? माझ्या मेव्हण्याचं वाढत वाढत गेलं तेव्हा डायलिसिस सांगितलं होतं, म्हणजे जितकं कमी तितकं बरं असंच सगळे धरून चालतात. जाणकारांनी सांगावं.

रीनल_आहार
मी आहारतज्ज्ञ आहे, डायलिसिसच्या पेशंटसोबतच रोजचं काम. विवेकदादा, बरं झालं विचारलंत, कारण हाच प्रश्न जवळपास प्रत्येक घरात असतो आणि कोणी तो मोठ्याने विचारत नाही.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. किडनी थोडीफार चालू असते तोवर ते वाढलं की किडनीचं काम कमी झालं असा अर्थ निघतो, पण तो हिशोब डायलिसिसच्या आधीचा. एकदा माणूस कायमच्या डायलिसिसवर आला की दोन डायलिसिसच्या मधे रक्तात किती क्रिएटिनिन साठतं हे मोठ्या प्रमाणात अंगावर मांस किती आणि ताटात प्रोटीन किती यावर ठरतं. म्हणून सेशन तेवढेच, तास तेवढेच, लघवी काही वाढलेली नाही आणि तरी क्रिएटिनिन महिन्यामागून महिना उतरतंय, तर पहिली शंका मांस झडतंय अशीच घ्यायची. युरियाचंही तेच, डायलिसिसच्या आधीचा युरिया फार कमी यायला लागला तर आधी विचारायचं की जेवताय का. कोलेस्टेरॉल १०० च्या खाली गेलं तर सर्वसाधारण माणूस खूश होईल, डायलिसिसच्या पेशंटमध्ये ती वाईट खूण. पोटॅशियम-फॉस्फरस नेहमी जास्त असणाऱ्याचे एकदम नॉर्मल यायला लागले आणि औषध-पथ्य काही बदललेलं नाही, तरीही जेवणाची चौकशी करायचीच.

आणि केटी/व्ही चांगला येतोय म्हणालात ना, तर त्यातला व्ही म्हणजे युरिया अंगातल्या जेवढ्या पाण्यात पसरतो ते आकारमान, स्नायूत पाणी भरपूर असतं, स्नायू झडले की व्ही लहान होतो आणि मशीनचं काम तेवढंच असूनही केटी/व्ही आपोआप वाढलेला दिसतो. म्हणजे माणूस खंगतोय आणि कागद सुधारतोय, असं होऊ शकतं. मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण नातेवाईक मनापासून करत असतात, रिपोर्टची फाईल नीट लावून आणतात, आणि त्या फाईलमध्ये प्रत्येक आकडा आधीपेक्षा बरा दिसत असतो.

तुम्ही घड्याळ आणि खांद्याची हाडं लिहिलंत, ती निरीक्षणं तपासणीचाच भाग आहेत. वजनाबद्दल टेक्निशियन मंडळींपैकी कोणी असेल तर लिहा, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

मशीनवाला_दादा
हजर आहे. डायलिसिस टेक्निशियन, कोल्हापूर साईडला.

ताई, ५८ हे ड्राय वेट आहे की काट्यावरचं? आणि ते ड्राय वेट शेवटचं कधी बदललं? हे दोन प्रश्न आधी विचारा. ड्राय वेट म्हणजे जास्तीचं सगळं पाणी काढल्यावर, बीपी व्यवस्थित असताना, सूज-दम नसताना जे वजन राहतं ते. ते एकदा फाईलवर लिहिलं की आम्ही मशीनला तेवढंच लक्ष्य देतो. आता समजा पेशंटचं तीन किलो मांस-चरबी गेली आणि फाईलवर ५८ च आहे, तर आम्ही ५८ ला आणून सोडतो, म्हणजे तीन किलोची जागा पाण्याने घेतली, काटा तोच. बाहेरून कोणालाही वाटेल वजन टिकून आहे.

हे ओळखायचं कसं, तर डायलिसिस संपल्यावरही बीपी चढंच राहतं, बीपीच्या गोळ्या वाढत जातात, रात्री आडवं झालं की दम लागतो, उशा वाढतात, घोट्यापाशी दाबलं की खड्डा पडतो. मांडी-दंड बारीक आणि पाय सुजलेले असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं. उलट बाजूही सांगतो, ड्राय वेट उगाच खाली ओढलं तर पायात गोळे येतात, बीपी पडतं, त्यामुळे घरच्यांनी परस्पर काही ठरवायचं नाही, डॉक्टर अर्धा-अर्धा किलो करून खाली आणतात.

अजून एक, दोन डायलिसिसच्या मधे वजन फारच कमी वाढत असेल तर सगळे शाबासकी देतात, पाणी चांगलं कंट्रोल केलं म्हणून. पण कधी कधी कारण हे असतं की पेशंट जेवतच नाहीये. माझ्याकडे असे पेशंट आले की मी सरळ विचारतो की काल रात्री ताटात काय होतं.

काही मोठ्या सेंटरला बीसीएम नावाचं यंत्र असतं, हाता-पायाला चिकटपट्ट्या लावून बारीक करंट सोडतात, त्यात जास्तीचं पाणी किती आणि मांस किती हे वेगळं कळतं. नसलं तरी वरच्या खुणांवर बरंच समजतं.

पंपहाऊस
मी स्वतः पेशंट, बरीच वर्षं मशीनवर आहे. भूक का जाते ते कोणी पेशंटला विचारत नाही म्हणून लिहितोय. तोंडाला सारखी धातूसारखी चव येते, भाजीचं पाणी काढून टाकल्यावर ती भाजी खावीशी वाटत नाही, मीठ नाही, आणि डायलिसिसच्या दिवशी तर सकाळचा नाश्ता सुटतो कारण सात वाजता नंबर, मशीनवर खाल्लं की बीपी पडेल म्हणून खाऊ देत नाहीत, घरी येईपर्यंत एक-दीड वाजतो तेव्हा अंगात जेवायची ताकद नसते, सरळ झोप. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस एक वेळचंच जेवण. आणि हे सगळं कोणी विचारलं तर तोंडातून निघतं "जेवतो की", कारण जेवतच असतो, दोन घास.

ताई, अण्णांना जेवता का असं विचारू नका, काय जेवलात ते विचारा आणि लिहून ठेवा.

सांगलीची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. ड्राय वेटचं विचारलं, ५८ हे ड्राय वेट आहे आणि दीड वर्षात बदललेलं नाही. बीपीची गोळी दिवाळीत वाढवली होती. घोट्याला दाबून पाहिलं, खड्डा पडतो.

जेवण लिहून ठेवते. पण एक सांगा, आम्हाला सुरुवातीला डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, डाळी बंद, आमटीचं नुसतं वरचं पाणी, तेच आम्ही आजवर पाळतोय. तेही बदलायचं का?

विवेक_नगर
प्रोटीन किडनीला वाईट हे तर सगळ्यांनाच माहितीये.

रीनल_आहार
डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रोटीन आटोक्यात ठेवायला सांगतात, बरोबर आहे. डायलिसिस सुरू झालं की तो सल्ला बदलतो आणि इथेच बऱ्याच घरांत गोंधळ राहतो, कारण जुना कागद कपाटाला चिकटवलेला असतो आणि नवा कोणी देत नाही. हिमोडायलिसिसच्या एका सेशनमध्ये फिल्टरमधून साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो अॅसिड निघून जातात, शिवाय त्या दिवशी शरीर स्वतःचं मांस जास्त मोडतं. म्हणून २०२० च्या केडीओक्यूआय (अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये डायलिसिसच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन आणि २५ ते ३५ कॅलरी सांगितल्यात. अण्णांचं ५८ धरलं तर ५८ ते ७० ग्रॅम प्रोटीन आणि कमीत कमी साडेचौदाशे कॅलरी.

तीन दिवसांचं लिहा, त्यातला एक डायलिसिसचा दिवस, एक साधा आणि एक रविवार. वाटीचं माप सांगा, पोळी केवढी ते सांगा, आमटीत डाळ होती का पाणी ते सांगा, चहात दूध किती ते सांगा. आणि ताटात वाढलेलं लिहू नका, पोटात गेलेलं लिहा.

कोकणकडा
आमच्या ओळखीत एकांना सलाईनमधून अल्ब्युमिन चढवलं होतं, बाटली भयंकर महाग. तसं केलं तर ३.३ चं ४ होईल का लगेच?

नेफ्रो_शिकाऊ
नेफ्रॉलॉजी शिकतोय, सरकारी हॉस्पिटलला आहे. अल्ब्युमिनची बाटली हा कुपोषणावरचा उपाय नाही. रिपोर्टमधला आकडा काही दिवस वर जाईल, स्नायू तिथेच राहतील. बाटलीला काही ठरावीक जागी उपयोग आहे, इथे नाही.

अल्ब्युमिनबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळी चर्चा त्याच्यावरच येऊन थांबते. ते लिव्हर बनवतं, आणि अंगात कुठेही जंतुसंसर्ग किंवा दाह (इन्फ्लमेशन, पाण्याची सूज नव्हे) असला की लिव्हर ते बनवणं कमी करतं, खाणं उत्तम असलं तरी. मानेतला कॅथेटर, डायबेटिसच्या पायाची जखम, हिरड्यांचा पू, बंद पडलेला जुना ट्रान्सप्लांट, आपल्याकडे टीबी, यातलं काहीही असू शकतं. डायलिसिसच्या पेशंटला टीबीचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि नेहमीसारखा खोकला न येता नुसता बारीक ताप, भूक गेली, वजन उतरलं एवढंच असतं, त्यामुळे माणूस वाळतोय म्हटल्यावर तो शोधायचाच. म्हणून अल्ब्युमिनसोबत सीआरपी (असा दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. सीआरपी चढलेला असेल तर नुसतं पनीर वाढवून भागणार नाही, आग कुठे लागलीय ते बघावं लागेल.

दुसरं, अंगात पाणी जास्त असलं की अल्ब्युमिन पातळ होऊन कमी दिसतं, डायलिसिस संपल्यावर रक्त घेतलं तर दाट होऊन जास्त दिसतं. त्यामुळे नेहमी डायलिसिसच्या आधीचं सॅम्पल, आणि शक्यतो एकच लॅब, कारण ते मोजायच्या दोन पद्धती आहेत, बीसीजी आणि बीसीपी, आणि पहिलीत आकडा जरा जास्त येतो. लॅब बदलली आणि अल्ब्युमिन सुधारलं, असं झालेलं मी पाहिलंय. तिसरं म्हणजे त्याचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास, आज खाणं बदललं तर पुढच्या आठवड्यात फरक शोधू नका.

आता मूळ प्रश्न, एखादी टेस्ट आहे का. एकच अशी नाही. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने याला प्रोटीन-एनर्जी वेस्टिंग असं नाव देऊन चार खण आखले. पहिला रक्ताचा, त्यात अल्ब्युमिन ३.८ च्या खाली, प्रीअल्ब्युमिन ३० च्या खाली, कोलेस्टेरॉल १०० च्या खाली यातलं काहीतरी. दुसरा वजनाचा, बीएमआय २३ च्या खाली किंवा मुद्दाम न घटवता तीन महिन्यांत ५ टक्के नाहीतर सहा महिन्यांत १० टक्के वजन जाणं (बीएमआयचा हा आकडा आपल्या बारीक बांध्याच्या लोकांना जरा जास्तच वाटतो, त्यामुळे त्या एकावर मी फार वजन देत नाही). तिसरा स्नायूंचा, चौथा खाण्याचा, म्हणजे किलोमागे ०.८ ग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन किंवा २५ पेक्षा कमी कॅलरी, तेही दोन महिने तरी. चारपैकी तीन खणांत खूण झाली की निदान पक्कं.

वॉर्डात रोजच्या वापराला एसजीए आणि एमआयएस. एसजीए म्हणजे सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट, १९८७ पासून चालत आलेली पद्धत, यंत्र काही लागत नाही, प्रश्न आणि हात-डोळे. एमआयएस म्हणजे माल्न्यूट्रिशन-इन्फ्लमेशन स्कोअर, कामयार कलंतर-झादे यांच्या टीमने २००१ मध्ये खास डायलिसिससाठी मांडला, दहा मुद्दे, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०, जितका जास्त तितकं वाईट. त्यात वजनातला बदल, खाणं, उलटी-मळमळ, चालणं-फिरणं, बाकीचे आजार आणि डायलिसिसची वर्षं, चरबी, स्नायू, बीएमआय, अल्ब्युमिन आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून न्यायची क्षमता) येतं. अण्णांच्या ३.३ ला तिथेच २ गुण.

घरबसल्या हिशोब करायचा असेल तर जीएनआरआय (जेरियाट्रिक न्यूट्रिशनल रिस्क इंडेक्स) आहे, आकडा जितका कमी तितका धोका जास्त. अल्ब्युमिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्यायचं, त्याला १.४८९ ने गुणायचं, मग वजन भागिले आदर्श वजन, त्याला ४१.७ ने गुणायचं आणि दोन्हीची बेरीज. ताई, अण्णांची उंची सांगा.

सांगलीची_लेक
१६८ सेमी, जुन्या मेडिकलच्या कागदावर आहे.

नेफ्रो_शिकाऊ
बीएमआय २२ धरून आदर्श वजन ६२. अल्ब्युमिनचे ३३ गुणिले १.४८९ म्हणजे ४९.१, वजनाचे ५८ भागिले ६२ गुणिले ४१.७ म्हणजे ३९, बेरीज ८८ च्या आसपास. जपानमध्ये डायलिसिसच्या पेशंटवर केलेल्या अभ्यासात ९१.२ च्या खाली धोका धरलाय. आणि हे ५८ खरं मानून. मशीनवाला दादा म्हणतात तसं त्यातलं तीन किलो पाणी असेल तर ८६ येतं. वजनात पाणी लपलेलं असलं की फॉर्म्युलाही फसतो, म्हणून आधी ड्राय वेटचा निकाल लावा.

रीनल_आहार
हात-डोळे म्हणजे काय ते मी सांगते, कारण हे घरच्यांनी एकदा शिकून घेतलं तर फार उपयोगी पडतं. उजेडात समोरासमोर बसा. कानशिलाजवळ डोळ्याच्या बाजूला खड्डा पडलाय का, डोळ्याखाली गडद खोलगट दिसतंय का. गळ्याजवळचं हाड किती वर आलंय, खांदा गोल आहे का चौकोनी कोपरा झालाय. दंडाच्या मागे चिमटीत धरलं तर दोन बोटांच्या मधे काही लागतंय का नुसती कातडी. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायला सांगा, निरोगी माणसात मधला मांसल भाग टुमकन वर येतो, झडलेल्या माणसात तो सपाट राहतो नाहीतर आत जातो. शेवटी खुर्चीत बसवून मांडीचा आतला भाग आणि पोटरी बघा. पाय सुजलेले असतील तर पायावर भरवसा ठेवू नका, वरचं अंग खरं बोलतं.

माप घ्यायचं तर शिंप्याची टेप पुरते. फिस्टुला नसलेला हात, म्हणजे अण्णांचा उजवा, डायलिसिस संपल्यावर, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक याच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करून घेर. कातडीची जाडी मोजायला कॅलिपर लागतो तो आमच्याकडे असतो, घेरातून त्या जाडीची ३.१४ पट वजा केली की स्नायूचा घेर मिळतो. कॅलिपर नसला तरी दर महिन्याला नुसता घेर लिहिलात, त्याच जागी, त्याच माणसाने मोजून, तरी उतार दिसतो. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, अण्णांची अण्णांशीच.

आणि मुठीची ताकद. डायनॅमोमीटर नावाचं दाबायचं यंत्र असतं, फिजिओथेरपीवाल्यांकडे हमखास, तेही फिस्टुला नसलेल्या हाताने, दर वेळी एकाच वेळेला. आशियाई लोकांसाठी २०१९ चे आकडे पुरुषांना २८ किलोच्या खाली आणि बायकांना १८ च्या खाली म्हणजे कमजोर. मला ही तपासणी फार आवडते कारण पाणी साठल्याने तिच्यात फारसा घोळ होत नाही आणि बऱ्याचदा घेर कमी व्हायच्या आधी ताकद जाते.

न्यूजर्सीकर
इकडे सासरे डायलिसिसला जातात. अमेरिकेत प्रत्येक डायलिसिस सेंटरला आहारतज्ज्ञ असणं नियमाने बंधनकारक आहे, दर महिन्याला रक्ताचे आकडे घेऊन ती बाई खुर्चीपाशी येते, अल्ब्युमिन ४ च्या वर ठेवा म्हणून मागे लागते. अडचण वेगळी आहे, तिला भाकरी, पिठलं, ताक कळत नाही, तिच्या यादीत चिकन, टर्की आणि अंडी. शेवटी आम्ही घरच्या पदार्थांचा तक्ता करून तिला दिला. आपल्याकडे सरकारी योजनेतून डायलिसिस फुकट होतं हे फार मोठं काम आहे, त्याच्याबरोबर महिन्यातून एकदा तरी आहारतज्ज्ञ खुर्चीपाशी यायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

मशीनवाला_दादा
+१. योजनेमुळे जी माणसं मशीनपर्यंत पोचली ती आधी पोचतच नव्हती. पण एका शिफ्टला सगळे बेड भरलेले असतात, आम्ही सुई, बीपी, मशीन यातच असतो, दंडाचा घेर मोजायला माणूस नसतो. जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे चिठ्ठी घेऊन जा, नाही म्हणत नाहीत.

सांगलीची_लेक
तीन दिवसांचं लिहिलंय. सगळे दिवस सारखेच आहेत म्हणून एकच टाकते. सकाळी अर्धा कप चहा, दोन मारी. नऊला छोटी वाटी पोहे नाहीतर उपमा. दुपारी एक पोळी, पाणी काढलेली भाजी पाव वाटी, आमटीचं पाणी. चारला चहा. रात्री भात एक वाटी, त्यावर पातळ वरण नाहीतर ताक. डायलिसिसच्या दिवशी पोहे आणि दुपारचं जेवण दोन्ही नाही, घरी आल्यावर चहा-बिस्किट आणि थेट रात्रीचा भात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तीही शेंगदाण्याचं कूट घालू नका सांगितल्यामुळे नुसतीच.

रीनल_आहार
हे चांगल्या दिवशी मोजून २५ ग्रॅम प्रोटीन होतं, फार ताणलं तर ३०, आणि हजार-अकराशे कॅलरी. म्हणजे किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पाहिजे त्याच्या निम्मं. डायलिसिसच्या दिवशी १५ ग्रॅमसुद्धा नाही आणि त्याच दिवशी फिल्टरमधून अमिनो अॅसिड जातायत. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, एकादशीला त्याऐवजी दूध-पनीर चालत असेल तर बघा. चार खणांपैकी रक्ताचा आणि खाण्याचा तर भरलाच, स्नायूचा मोजल्यावर कळेल.

माळकरी आहेत म्हणून अडत नाही. ५० ग्रॅम पनीरमध्ये साधारण ९ ग्रॅम प्रोटीन, ते घरी दूध फाडून करा, मीठ घालू नका. आमटीच्या पाण्याऐवजी मुगाचं घट्ट वरण, डाळ आधी भिजवून पाणी फेकून. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या म्हणजे १५ ग्रॅम प्रोटीन, भरपूर पाण्यात उकळून पिळून घ्यायच्या, पोटॅशियम बरंच निघून जातं. भातावर, पोळीला तेल-तूप सोडा, कॅलरी कमी पडल्या तर शरीर प्रोटीनच जाळतं. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाच्या घासासोबत, नंतर नाही. डाळ-पनीरला घाबरून बसू नका, कोल्ड्रिंक आणि पाकिटबंद चीजमधला मिसळलेला फॉस्फरस जास्त सहज शोषला जातो, तो आधी बंद करा. पोटॅशियमचा रिपोर्ट आणि शुगर बघून मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची, माझं हे इथूनचं सांगणं आहे.

पंपहाऊस
डबा न्या सेंटरवर. मशीन लावायच्या आधी अर्धा तास खा. मी पनीर-पोळीचा रोल नेतो, बीपी पडत नाही आता. ज्याचं पडतं त्याने मशीनवर खाऊ नये, पण सुई लावायच्या आधी आणि काढल्यावर खायला कोणाची ना नसते.

कोकणकडा
जिमवाली प्रोटीन पावडर चालेल का? मुलगा आणतो ती.

रीनल_आहार
डबा बघितल्याशिवाय नाही. काहींत पोटॅशियम, फॉस्फरस, काहींत क्रिएटिन मिसळलेलं असतं. डायलिसिसच्या पेशंटसाठी वेगळ्या पावडरी मिळतात, महाग असतात, जेवण वाढवूनही भागलं नाही तर त्या देतो, आणि द्यायच्या तर तीन महिने तरी सलग. पहिल्या दिवशी पावडर आणि ताट तसंच, असं करू नका.

सांगलीची_लेक
उशिरा लिहितेय, धावपळ होती. जिल्हा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी पाऊण तास दिला. मुठीची ताकद १६ किलो. दंडाचा घेर २३.५, कातडीची जाडी ८ मिमी, म्हणजे स्नायूचा घेर २१ आला. सीआरपी थोडासाच जास्त, छातीचा एक्स-रे स्वच्छ, टीबीची बाकी तपासणी सांगितलीय ती चालू आहे. बायकार्बोनेट १७ निघालं, डॉक्टर म्हणाले रक्तात आम्ल साठलं की त्यानेही मांस झडतं, त्यावर औषध आणि मशीनचं सेटिंग दोन्ही बघतायत, आठवड्यातून तिसरं डायलिसिस मिळेल का तेही बघतायत. ड्राय वेट हळूहळू ५५.५ वर आणलंय, रात्रीचा दम गेला, बीपीची वाढवलेली गोळी बंद झाली.

आणि एक गोष्ट जी कोणाच्याच डोक्यात नव्हती. मॅडमनी अण्णांना तोंड उघडायला सांगितलं. कवळी सैल झालीय, हिरड्या आक्रसल्यात, चावताना ती वर-खाली होते आणि हिरडीला जखम आहे. म्हणून पोळी अर्धी टाकून भात-ताकावर आले होते, घरात कोणाला बोलले नाहीत. आता कवळी नवीन करायला टाकलीय, तोवर पनीर कुस्करून, वरण घट्ट आणि सोयाबीन वाटून पिठल्यात.

काकांना क्रिएटिनिनचं समजावलं. पुढच्या महिन्यात ते वाढलं तर घाबरू नका असंही सांगून ठेवलंय. आता हे सगळं परत कधी कधी मोजायचं?

नेफ्रो_शिकाऊ
तोंड बघितलं हे फार उत्तम झालं, आमच्याही फॉर्ममध्ये तो रकाना नाही, मी घालून घेतो. हिरडीची जखम बरी झाली की सीआरपी परत करा, तो थोडा वाढलेला त्यामुळेच असू शकतो. ड्राय वेट आणि घेर दर महिन्याला. अल्ब्युमिन सुरुवातीला दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी. मुठीची ताकद आणि एमआयएस तीन महिन्यांनी. मार्गदर्शक सूचनांमध्ये सगळ्या पेशंटसाठी सहा महिन्यांतून एकदा तरी कुपोषणाची प्राथमिक तपासणी सांगितलीय, पण ज्याचं आधीच उतरलंय त्याला एवढं थांबवू नये. आणि खाणं सुधारलं की मांस भरायला लागेल, तेव्हा ड्राय वेट वर न्यावं लागतं, नाहीतर भरलेलं मांस पाणी समजून मशीन जास्त ओढेल आणि पायात गोळे येतील.

मशीनवाला_दादा
तेच लिहायला आलो होतो. गोळे आले किंवा शेवटच्या तासात बीपी पडायला लागलं की आमच्यातल्या कोणालाही सांगा, ड्राय वेट बघायची वेळ झाली म्हणून. आणि काटा एकच वापरा, सेंटरचाच, चप्पल काढून, खिसे रिकामे करून. घरच्या काट्याचा आकडा फाईलवर लिहू नका.